हॉकीतला ‘ट्रेड’ : व्यापार, बदली, सौदा की साटंलोटं?

हिमांगण
टोरांटोतल्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी आइस हॉकीवर लेख लिहितोय. उन्हाळ्यात एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, कोण कुठे गेलं आणि कोणाच्या बदल्यात, असा विषय. मिच मार्नर या खेळाडूने टोरांटो संघाशी आठ वर्षांचा करार केला आणि 2025 च्या 1 जुलैच्या तोंडावर तो करारासकट व्हेगसला गेला. बदल्यात आला एकटा निकोलस रॉय. संघांमधल्या अशा देवाणघेवाणीला तिकडे ‘ट्रेड’ म्हणतात. त्यासाठी मी लिहिलं, ‘मार्नरचा व्यापार’. संपादक मावशींनी खोडलं. म्हणाल्या, व्यापार मालाचा होतो, माणसांचा व्यापार म्हटलं की पोलीस केस आठवते. त्यांनी सुचवलं ‘अदलाबदल’. पण अदलाबदल बहुधा चुकून होते, स्टेशनवर बॅगांची किंवा प्रसूतिगृहात बाळांची. इथे तर दोन्हीकडचे जनरल मॅनेजर महिनोन्महिने घासाघीस करतात.

दुसरी अडचण ‘ट्रेड व्हॅल्यू’ची, म्हणजे खेळाडूच्या बदल्यात काय मिळू शकतं त्याची. ‘किंमत’ लिहिलं की वाचकाला पगार वाटतो. काय लिहू?

गुरुजी_सातारा
‘आपसी बदली’ घ्या की. जिल्हा परिषदेत दोन शिक्षक एकमेकांच्या जागी जातात, त्याला हाच शब्द आहे आणि खेड्यापाड्यात सगळ्यांना कळतो.

हिमांगण
गुरुजी, शब्द छान आहे. पण आपसी बदलीला दोघांची संमती लागते, अर्जावर सह्या लागतात. इथे करारात तसं कलम नसेल तर खेळाडूला कोणी विचारत नाही. फोन येतो, तोवर सगळं ठरलेलं असतं. शिवाय ‘बदली खेळाडू’ म्हणजे आपल्याकडे राखीव गडी, कोणी जखमी झालं की मैदानात येतो तो.

शब्दवेडी
साटंलोटं! यांची मुलगी त्यांच्या घरात, त्यांची यांच्या घरात, आणि मुलींना विचारायची पद्धत नव्हती. अर्थ तंतोतंत बसतो. माझं तर मत आहे की आपला ‘साठी’ सुद्धा याच ‘साटं’मधून आला. ‘तुझ्यासाठी’ म्हणजे मुळात ‘तुझ्या मोबदल्यात’. जुन्या मराठीत ‘साटीं’ असं रूप दिसतंच.

विनिमय
‘साठी’ची व्युत्पत्ती इतकी सरळ नाही, त्यावर वेगळा धागा काढा. आणि साटंलोटं आता राजकारण्यांच्या मिलीभगतसाठी वापरतात, ‘बिल्डर-नगरसेवक साटंलोटं’. खेळाच्या बातमीत वाचक मॅच फिक्सिंग समजेल. संस्कृतात ‘विनिमय’ आहे, त्यावरून ‘विनिमयमूल्य’ होतं. दोन्ही प्रश्न सुटले.

शब्दवेडी
विनिमय म्हटलं की बँकेतला परकीय चलनाचा दर दिसतो. हाडामांसाचा माणूस दिसायला हवा.

सांगलीकर
‘सौदा’ कोणी कसा सुचवला नाही? आमच्याकडे सांगलीत हळदीचे, तासगावात बेदाण्याचे सौदे निघतात. फक्त एक आहे, आमच्याकडे सौदा म्हणजे लिलाव. सगळे व्यापारी समोर, बोली चढत जाते. म्हणजे तो शब्द आयपीएलच्या लिलावाला जास्त लागू.

विनिमय
आणि फारसी आहे.

सांगलीकर
मग ‘हंगाम’ फारसी, ‘बदल’ आणि ‘किंमत’ अरबी. तेही काढा. भाषा कोणाच्या वाड्यात जन्मली यापेक्षा बाजारात कोण बोलतं ते बघा.

विनिमय
बाजारात सगळे ‘ट्रेड’ बोलतात. मग हा धागाच कशाला? नवा शब्द घडवायची वेळ आली की आपण दर वेळी ‘लोक बोलतात ते खरं’ म्हणून हात झटकतो, आणि पुढच्या पिढीकडे क्रियापदं तेवढी मराठी उरतात.

एडमंटनकर
आमच्या गावात यासाठी एकच शब्द आहे : विकला. 9 ऑगस्ट 1988 ला आमच्या संघाच्या, ऑइलर्सच्या मालकाने, पीटर पॉक्लिंग्टनने, संघाचा सर्वात मोठा खेळाडू वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला पाठवला. सोबत मॅक्सॉर्ली आणि क्रुशेल्निस्की हे खेळाडू. बदल्यात जिमी कार्सन, मार्टिन जेलिना, पहिल्या फेरीतल्या तीन निवडी (म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क) आणि दीड कोटी डॉलर रोख. कागदावर ट्रेड होता, पण गाव त्या दीड कोटीवर बोट ठेवून होतं. नेल्सन रीस या खासदाराने तर सरकारने हे थांबवावं अशी मागणी केली. आमच्या इमारतीतले एक आजोबा आजही ‘द सेल’ म्हणतात. रोख आली की विक्री, माणूस आला की अदलाबदल, मराठीत हा फरक ठेवायलाच हवा.

हिमांगण
हा फरक पटला. पण आता मुख्य अडचण मोलाची. पगारमर्यादा, म्हणजे एका संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, 2005-06 पासून आहे. तेव्हा 3 कोटी 90 लाख डॉलर होती, 2025-26 ला 9 कोटी 55 लाख. त्यामुळे चांगला खेळणारा पण स्वस्त करारातला पोरगा सोन्यासारखा, आणि तितकाच चांगला पण महागडा असेल तर घ्यायला संघ बिचकतात. 2016 मध्ये डेट्रॉइटचा पावेल दात्सुक करार बाकी असताना रशियाला परतला, तरी डेट्रॉइटच्या हिशेबात त्याचे 75 लाख अडकून राहणार होते. तो करार ॲरिझोनाने उचलावा म्हणून डेट्रॉइट त्या वर्षीच्या निवडीत 16 व्या क्रमांकावरून 20 व्यावर उतरलं. म्हणजे पगार भरभक्कम आणि मोल शून्याच्याही खाली. इथे ‘किंमत’ कशी लिहू?

शब्दवेडी
तुम्ही स्वतःच ‘मोल’ लिहिलंत! किंमत ठरवली जाते, मोल असतं. तोच शब्द ठेवा.

सांगलीकर
मोल कमी-जास्त होत नाही हो ताई. ‘आईच्या मायेचं मोल’ म्हणतो आपण, ते रोज बदलतं का? यांना हवाय ‘भाव’. भाव चढतो, पडतो, गुडघा दुखावला की कोसळतो.

गुरुजी_सातारा
‘भाव खातो’ असा अर्थ निघेल ना पण?

सांगलीकर
निघू दे. जडेजा 18 कोटींवरून 14 वर येऊन राजस्थानला गेला, सॅम करनला सोबत घेऊन, आणि संजू सॅमसन चेन्नईला आला. तेव्हा कट्ट्यावर सगळे ‘जडेजाचा भाव उतरला’च म्हणत होते.

शब्दवेडी
तो पगार उतरला. म्हणजे पुन्हा भाव म्हणजे पगारच झाला. मूळ घोळ तिथेच आहे!

नागपुरी_संत्रं
अवांतर : ‘ऑफसीझन’ला काय म्हणणार? आमचे मामा क्रिकेट नसलं की ‘भाकड काळ’ म्हणायचे.

हिमांगण
भाकड कसला, उलट तेव्हाच सगळ्यात जास्त धावपळ असते. 1 जुलैला करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या ब्रोबर्ग आणि हॉलोवे या दोन तरुणांना ऑफर शीट, म्हणजे नव्या कराराचा देकार, दिली. बरोबरी करायला सात दिवस होते, एडमंटनने केली नाही. दोघंही गेले, हाती आल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या दोन निवडी.

गुरुजी_सातारा
मग ‘बदल्यांचा हंगाम’. आमच्याकडे एप्रिल-मे आला की शिक्षकांच्या घरात दुसरा विषय नसतो.

एडमंटनकर
ब्रोबर्गचं नका काढू. त्याहून 2016 चं घ्या. आम्ही न्यू जर्सीला टेलर हॉल दिला आणि ॲडम लार्सन आणला, एकास एक. दोन वर्षांत हॉलने न्यू जर्सीकडून हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा किताब, जिंकली.

हिमांगण
हॉलचं कौतुक मान्य, पण तेव्हा तुमच्याकडे आक्रमक ढीगभर होते आणि उजव्या हाताचा धड बचावपटू एकही नव्हता. गरजेला जे उपयोगी, त्याचा भाव मोठा.

एडमंटनकर
गरज आपली आहे हे समोरच्याला कळू देणं, तिथेच हरलो आपण. आणि तो लार्सन तरी टिकला का? 2021 ला सिएटलला गेला.

शब्दवेडी
हिमांगण, तुम्ही आत्ता ‘भाव’ लिहिलंत. मग मोल सोडलं का?

हिमांगण
नाही, दोन्ही लिहून बघतोय. अंक शुक्रवारी जातो. एडमंटनकर, लार्सन चार-पाच वर्षं रोज वीस-वीस मिनिटं बर्फावर असायचा, त्याला टिकणं म्हणत नाही का तुम्ही?

एडमंटनकर
म्हणतो. पण हार्ट ट्रॉफीच्या बदल्यात नाही.