जुनी की नवी? तुमच्या पेन्शनचे अनुभव लिहा

परवा आमच्या शाळेत मोठ्या बाईंचा निरोप समारंभ झाला. शाल-श्रीफळ, फोटो, भाषणं झाली, आणि चहाच्या वेळी नेहमीचा विषय निघालाच. बाई १९९२ला नोकरीला लागलेल्या. त्यांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं, वर महागाई भत्ता. मी २००७ची. माझ्या पगारातून दरमहा १० टक्के कापले जातात, शासन आता १४ टक्के घालतं, आणि शेवटी काय हाती येईल ते बाजार ठरवणार. वर्ग तोच, फळा तोच. ३१ ऑक्टोबर २००५च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबरपासून लागलेल्यांना १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांबाहेर काढलं, एवढाच काय तो फरक. तक्रारी नकोत असं नाही, पण शक्यतो घडलेलं लिहा.

*

जिल्हा परिषद, प्राथमिक.
आमची डीसीपीएस (२००५नंतरच्यांची अंशदायी पेन्शन योजना) म्हणजे कपात वेळेवर, हिशोब सवडीने. काही वर्षं हिशोबाची चिठ्ठीच मिळाली नाही. वडील गिरणीत होते, त्यांची सवय म्हणून मी दर महिन्याची कपात वहीत लिहून ठेवायचो. बायको हसायची. पुढे एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत वर्ग झालो, प्रान हा कायमचा खाते क्रमांक आला, आणि खात्यात पाहतो तर सात महिने गायब. वही आणि पगारपत्रकांच्या झेरॉक्स घेऊन पाच खेपा झाल्या. सहा महिने सापडले. सातवा अजून 'तपासून सांगतो'मध्ये आहे. या काळातलं व्याज कोण देणार, हे विचारायचं नसतं म्हणे.

*

माध्यमिक, अनुदानित (आता!).
माझी नेमणूक २००२ची, म्हणजे १ नोव्हेंबर २००५च्या कितीतरी आधीची. मग जुनी पेन्शन हवी ना? नाही. तेव्हा आमची तुकडी विनाअनुदानित होती, शंभर टक्के अनुदानावर आली २००९मध्ये. शासनाचं म्हणणं, १ नोव्हेंबर २००५ला शाळा पूर्ण अनुदानित होती का ते बघा. वैयक्तिक मान्यता आहे, सेवापुस्तकात २००२ आहे, ज्येष्ठता यादीत २००२ आहे. फक्त पेन्शनपुरता मी नंतर जन्मलो. त्याच संस्थेच्या जुन्या शाळेत माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला मित्र जुन्या पेन्शनमध्ये आहे. डबा आम्ही अजून एकत्रच खातो, पण मे महिन्यात तो जीपीएफमधून (भविष्य निर्वाह निधीतून) आगाऊ रक्कम काढायच्या गोष्टी करतो तेव्हा मी भाजीची चव कशी झालीय ते सांगतो.

विनावेतन काढलेली ती सात वर्षं वेगळीच. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या, रविवारी सासऱ्यांच्या दुकानात. त्याबद्दल कधीतरी सविस्तर लिहीन.

*

शासकीय तंत्रनिकेतन.
एक बरी बातमी पण असू दे. माझी जाहिरात २००४ची, रुजू झालो २००६मध्ये. उशीर शासनाचा, नुकसान माझं, असं अठरा वर्षं चाललं. २ फेब्रुवारी २०२४च्या निर्णयाने अशांना जुन्या योजनेचा एकदाच पर्याय मिळाला, मुदत सहा महिने. जाहिरातीचं कात्रण हवं होतं. ते आईच्या ट्रंकेत, साडीच्या घडीखाली, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेसोबत निघालं. आईला पेन्शन वगैरे काही माहीत नाही, 'सरकारी कागद आहे' म्हणून ठेवला होता.

*

माझे मिस्टर शासकीय कार्यालयात लिपिक होते. नोकरीच्या नवव्या वर्षी, २०१६ला गेले. हाती आली ती खात्यात साठलेली रक्कम. कुटुंब निवृत्तिवेतन विचारायला गेले तर टेबलावरचे साहेब म्हणाले, "वहिनी, ते जुन्यांना." सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाचा निर्णय झाला ३१ मार्च २०२३ला. मधल्या सात वर्षांत मुलगा पाचवीतून बारावीत गेला होता.

*

मार्च २०२३च्या संपात मी होतो. १४ तारखेपासून सात दिवस. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडून घसा बसला. पण दहावीच्या परीक्षा सुरू होत्या, आणि एक पालक मैदानाच्या फाटकाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, आमाला कुठली पेन्शन? पाऊस पडला तर पडला." माझ्याकडे तयार उत्तर होतं, दिलंही. रात्री मलाच ते पटेना. मागणी अजूनही माझी तीच आहे, हेही लिहून ठेवतो.

*

मी कोषागारातून निवृत्त, म्हणजे जुनीच घेतो. त्यामुळे शिव्या खायला तयार आहे. जुन्या पेन्शनसाठी वेगळा साठा कुठे नसतो. आजचा महसूल आजच्या पेन्शनरांना जातो. सगळ्यांना ती परत दिली तर खरा बोजा २००५वाले निवृत्त होऊ लागले की दिसेल. म्हणून बाजाराची जोखीम मास्तरांच्या डोक्यावर टाकावी, असंही नाही. ऑगस्ट २०२४ला राज्याने होकार दिलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत २५ वर्षं सेवा झाल्यास शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आहे. पण ज्याला नोकरीच उशिरा लागली त्याने २५ वर्षं आणायची कुठून?

*

मी पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन शिक्षक भरतीतून, २०२४ला लागलो. शिक्षण सेवक, मानधन १६,०००. पेन्शन फार लांब आहे, आधी ही तीन वर्षं. पण आमच्या शाळेतल्या पन्नाशीच्या बाईंचं सांगतो. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. नाहीतर नोकरीच नाही. बाईंनी पेन्शनची फाईल कपाटात ठेवली आणि बालमानसशास्त्राचं पुस्तक काढलं. मधल्या सुट्टीत त्या सराव पेपर सोडवतात, मी तपासतो. मुलं खिडकीतून बघतात. काल १५०पैकी ८७ पडले. ९० लागतात.