मदत हवी आहे : पायाला कळलेली चव किड्याच्या मेंदूत जाते कुठं?

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात आमची संत्र्याच्या कलमांची छोटी रोपवाटिका आहे. जंभेरीच्या खुंटांना कोवळी पालवी फुटली की लिंबाचं फुलपाखरू हजर, तेच काळ्या पंखांवर पिवळे ठिपकेवालं. परवा एका मादीच्या मागे अर्धा तास बसलो. पानावर टेकायची, पुढच्या पायांनी तबल्यावर बोटं मारावी तसं टपटप करायची, मग पोट वाकवून एकच अंडं चिकटवायची अन् पुढे. धुऱ्यावरच्या गोडनिंबावर घातलं, शेजारच्या कडुनिंबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आम्ही दोघांनाही निंबच म्हणतो. पण संत्रा, लिंबू, बेल, गोडनिंब एका कुळातले आणि कडुनिंब दुसऱ्या, हे तिला पायानं कळतं म्हणे!

माझी भाची नववीत आहे. तिनं विज्ञान प्रदर्शनासाठी यावरच तक्ता केला. पायापासून मेंदूपर्यंत एक लाल बाण, संपलं. परीक्षकांनी विचारलं, "निरोप थेट मेंदूतच जातो कशावरून? आणि कडू-गोड एकाच वायरीतून जातं का?" पोरगी गप्प. घरी येऊन जेवलीच नाही. मी बीएस्सी अर्धवट सोडलेला, मला काय येणार! जिल्ह्याला पंधरा दिवस आहेत. मराठीत शोधलं तर 'अळीवर कोणतं औषध मारावं' एवढंच सापडतं.

किडामुंगी :
परीक्षकांचा प्रश्न बरोबर आहे, भाऊ. बाण एक नाही, निदान दोन काढा.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो केळ्यावर घोंघावणाऱ्या फळमाशीचा, म्हणून तिचंच सांगतो. तिच्या सोंडेवर, पायांवर, पंखांच्या कडेलासुद्धा चवीचे केस असतात. केसाच्या टोकाला एक छिद्र, आत चवीच्या दोन ते चार चेतापेशी आणि स्पर्शाची एक. गोडाची पेशी वेगळी, कडूची वेगळी. म्हणजे वायरी वेगवेगळ्या. सोंडेतल्या वायरी मेंदूच्या खालच्या भागात, अन्ननलिकेच्या खाली उतरतात. तिथंही गोड आणि कडू वेगवेगळ्या जागी संपतात. पायातल्या मात्र बऱ्याचशा छातीतल्या चेतारज्जूतच थांबतात, आणि काही वर चढून मेंदूच्या त्याच खालच्या भागात जातात. सोंड बाहेर काढणाऱ्या पेशीही तिथंच असल्यानं पायाला साखर लागली की सोंड लगेच बाहेर. गोडात कडू मिसळलं तर कडूचा निरोप गोडाला दाबतो. माशी उपाशी असेल तर डोपामिन या मेंदूतल्या रसायनामुळे गोडाची पेशी जास्त तिखट होते (तिखट म्हणजे तल्लख, मिरचीवालं नाही). 2024 मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा छापून आला, सुमारे 1,39,000 चेतापेशींचा. त्यामुळे या वायरी आता एकेक करून पाहता येतात.

फुलपाखराचं म्हणाल तर तुमच्यावालीच्या एका जपानी नात्यातलीत 2011 साली पुढच्या पायातला ग्राही (चवीचं द्रव्य ओळखणारं प्रथिन) सापडला. लिंबूवर्गीय पानातलं सिनेफ्रिन तो ओळखतो. पण एकट्या सिनेफ्रिननं अंडी घालत नाही, बरीच द्रव्यं एकत्र लागतात.

कलमवाला :
वा! भाची शेजारीच बसली आहे, बाण खोडून दुसरा काढायला घेतला. ती विचारते, हे प्रत्यक्ष दाखवता येईल का? माशी हातात कशी धरायची?

किडामुंगी :
घरमाशी चालेल. डबीत टाकून दोन-चार मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, सुस्तावते. पाठीला मेणाचा ठिपका देऊन काडीला चिकटवा, पाय मोकळे राहू द्या. ती शुद्धीवर आली की आधी साधं पाणी पोटभर पाजा. हे विसरू नका, तहानेली माशी पाण्यालाही सोंड काढते आणि परीक्षक पुन्हा पकडतील. मग पायाला नुसतं पाणी लावा, त्यानंतर साखरेचं.