हिब्रू शास्त्रातले प्रश्न मराठीत प्रश्नच ठेवायचे का?

वाटसरू (धागाकर्ता): भावाचा खून करून आलेल्या काइनाला देव विचारतो, "तुझा भाऊ हाबेल कुठे आहे?" तो म्हणतो, "मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय?" (बायबल, उत्पत्ती ४:९). हे आजीला वाचून दाखवलं की ती विचारायची, "मग, होता का?" म्हणून म्हणतो, अशा प्रश्नांची सरळ विधानं करा: "भावाला राखणं माझं काम नाही." खुद्द शास्त्रातही हेच झालंय. आसा राजाच्या कृत्यांबद्दल १ राजे १५:२३ मध्ये 'हलो' (हिब्रूत 'नाही का?') आहे, म्हणजे "ती लिहिलेली नाहीत का?" तोच मजकूर २ इतिहास १६:११ मध्ये येतो तेव्हा होतो, "पाहा, ती लिहिलेली आहेत."

शब्दवेडी: आसाचं मान्य. ते ठरीव वाक्य आहे, तिथे कोणी कोणाला विचारत नाही. पण काइन देवाला उलट उत्तर देतोय! विधान केलंत की त्याचा उद्धटपणाच गेला. आजी फसली ती शेवटच्या 'आहे काय'मुळे. "मी काय भावाचा राखणदार आहे?" असं वाचून बघा, कोणी उत्तर शोधणार नाही. शिवाय दावीद ज्याच्यावर मेंढरं सोपवून जातो त्यालाही हिब्रूत हाच शब्द आहे, 'शोमेर' (१ शमुवेल १७:२०). हाबेल मेंढपाळ होता. मेंढरं राखणाऱ्याला मी राखू? विधानात हा डंख कुठून आणणार?

वाटसरू: एका वाक्याचं जमेल. ईयोब ३८ पासून देव दुःखी ईयोबाला विचारतो त्या प्रश्नांची रांगच लागते, तिथे ऐकणारा दमतो.

शब्दवेडी: दमावंच! ईयोबही दमतो, तोंडावर हात ठेवतो. "मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास?" रथाचं चाक रुतल्यावर धर्म आठवणाऱ्या कर्णाला "तेव्हा कुठे गेला होता तुझा धर्म?" विचारतात, ते आपल्याला कधी समजावून सांगावं लागलं?

कोकणी: मग अलंकारही शब्दशः ठेवणार? देव 'एरेख अप्पाइम', म्हणजे लांब नाकाचा (निर्गम ३४:६). 'मंदक्रोध'च बरा.

शब्दवेडी: तिथे मीही 'मंदक्रोध'च घेईन. पण हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द, 'अफ', आणि आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. ते नाक हरवल्याची हळहळ वाटते. यिर्मया ३१:२० मध्ये मात्र तडजोड नको. एफ्राइमसाठी, म्हणजे इस्राएल लोकांसाठी, देवाची आतडी कळवळतात. तिथे 'अंतःकरण' कशाला? "माझं आतडं तुटतं" म्हणा.

वाटसरू: आतड्याचं पटलं. काइनाचं वाक्य 'काय' पुढे घेऊन रविवारी मोठ्याने वाचून बघतो. ईयोबाबद्दल माझं मत तेच आहे.