दुकानात सेल्सची नोकरी धरताना बसायला स्टूल मिळतं का, हेही विचारा
कपड्यांच्या दुकानातल्या नोकरीत एसीत उभं राहून कपडे दाखवायचे, त्यात कसले कष्ट, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मी पणजीत एका ब्रँडेड कपड्यांच्या शोरूममध्ये फ्लोअरवर, म्हणजे विक्रीच्या कामाला होते, तिथे गिऱ्हाईक नसलं तरी बसायची परवानगी नव्हती, डिसेंबरात टुरिस्ट आले की ट्रायल रूममधून कपड्यांचे ढीग येतच राहायचे, ते घड्या घालून साइजप्रमाणे परत लावायचे, आणि शटर ओढल्यावर स्टॉक मोजणं वेगळंच, त्यात म्हापशाची शेवटची बस चुकायची भीती.

या नोकरीतल्या पगारावर बरंच बोलणं होतं पण बसण्याबद्दल कुणीच लिहीत नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानेच बंधनकारक केलंय. माझ्याबरोबरच्या दोघीतिघींनी कंबरदुखीमुळेच काम सोडलं हो, चांगल्या सेल्सवाल्या होत्या.