३०२ मस्टँगला ४.११च का? आणि नऊ इंचीच का?

वुडवर्डवासी
परवा इथे एकाने साधा प्रश्न विचारला होता. १९६८ची फोर्ड मस्टँग, ३०२ घनइंची इंजिन, चार गिअरचा टॉपलोडर गिअरबॉक्स, मागे मूळचा आठ इंची अ‍ॅक्सल (आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा, म्हणजे क्राउनचा व्यास). कोणता अ‍ॅक्सल घेऊ, कोणता रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे)? त्यावर क्वार्टरमैल_काकांचं उत्तर: "नऊ इंची घे, ४.११ टाक, विषय संपला." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. विषय संपलेला नाही, म्हणून हा धागा.

कागद घ्या. २६ इंची टायर, ताशी ६५ मैल, चौथा गिअर एकास एक. ४.११ला इंजिन ३४५० आरपीएमवर. डेट्रॉइटहून टोलेडोपर्यंत आय-७५वर तो आवाज ऐका आणि मग उतरून बायकोशी बोलून दाखवा. ३.५०ला तोच वेग २९४०ला मिळतो, ३.००ला २५२०ला. टी-फाइव्ह, म्हणजे पाच गिअरचा बॉक्स असेल तर पाचवा (ओव्हरड्राइव्ह) ०.६८, त्यामुळे ४.११ ठेवूनही २३५०च्या आसपास राहाल. पण त्याच टी-फाइव्हचा पहिला ३.३५ आहे. गुणिले ४.११, म्हणजे पावणेचौदा. सिग्नल सुटल्यावर चौक ओलांडायच्या आत दुसरा टाकावा लागतो, पहिला नुसता नावाला. टॉपलोडरचा पहिला २.७८, तिथे गुणाकार साडेअकराच्या आत येतो. गाडी झकास उठते, पण हायवेला बोंब. तेव्हा गिअरबॉक्स ठरवण्याआधी रेशो विचारणं म्हणजे स्थळ ठरायच्या आधी कार्यालय बुक करणं.

आणि अ‍ॅक्सल. साधा कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि रस्त्याचे टायर असतील तर आठ इंचीही तग धरतो. बदलायचाच असेल तर १९९५ ते २००१ची कुठलीही भंगारातली फोर्ड एक्स्प्लोरर शोधा. ८.८ इंची अ‍ॅक्सल मिळतो, ३१ स्प्लाइनचे (टोकाला ३१ खाचांचे) शाफ्ट, वर डिस्क ब्रेक फुकट. '६७-'६८च्या मस्टँगला रुंदीही जवळपास जुळते. टॅगवर '३एल७३' दिसलं तर लिमिटेड स्लिपसकट (एकच चाक नुसतं फिरू न देणारा डिफरेन्शियल) ३.७३ घरी आला.

क्वार्टरमैल_काका
टोलेडोला जायला कॅमरी आहे ना दारात? मस्टँग कशासाठी घेतलीत, किराणा आणायला? ३.००च्या गाड्या मी चालवल्यात. पाय दाबला की इंजिन विचार करतं, मग पत्र पाठवतं.

८.८बद्दल. चाक शाफ्टला आणि शाफ्ट अडकलाय आत एका सी-क्लिपला. शाफ्ट तुटला की चाक आपल्या वाटेने. अ‍ॅक्सलच्या ट्यूब मधल्या कास्टिंगमध्ये नुसत्या प्रेस करून प्लग-वेल्ड केलेल्या, स्टिकी टायर लावले की फिरतात. नऊ इंचीत पिनियनला (क्राउनला फिरवणारं लहान चक्र) आतल्या टोकाला तिसरं बेअरिंग आहे, दात दुरावत नाहीत. फोर्डने तो १९५७पासून बसवला आणि आजही लोक तोच नव्याने बनवून विकतात, ते काय वेडे आहेत?

निळी_शेव्हेल
काका, नऊ इंचीचं पिनियन फार खाली असतं. क्राउनच्या मध्यापासून ऑफसेट जास्त, घसट जास्त, तेल जास्त तापतं. ही ताकद कुणाच्या खिशातून जाते? असो, मी शेव्हरोलेच्या ट्वेल्व्ह-बोल्ट अ‍ॅक्सलवाली, तुमच्या फोर्डच्या घरगुती भांडणात पडायला नको. पण "४.११ टाक" हे उत्तर पन्नास वर्षांपूर्वी ठीक होतं, ओव्हरड्राइव्ह सहज मिळत नव्हता तेव्हा.

क्वार्टरमैल_काका
पडलात की.

सांगलीकर_टेक्सास
रेशोवरून भांडताय, पण नवीन क्राउन-पिनियन बसवणार कोण ते बोला. मी ३.२५चे ३.७३ करून घेतले, इथल्या एका नावाजलेल्या शॉपमध्ये. घरी येईपर्यंत ठीक. मग ५५ मैलावर पाय सोडला की घूंऽऽऽ. परत नेली तर म्हणाले, "नवीन गिअर आहेत, बसतील." बसले नाहीत. शेवटी स्वतः उघडून बघितलं.

माझे वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. ग्रीसमध्ये शेंदूर कालवून क्राउनच्या दातांना लावायचे, हाताने फिरवायचे आणि ठसा बघायचे. इथे किटमध्ये पिवळी पेस्ट येते, काम तेच. ठसा दाताच्या मधोमध हवा. माझ्या गाडीत तो मुळाशी उतरला होता. पेस्ट लावून बघण्याचे कष्टही त्या शॉपने घेतले नसावेत.

क्वार्टरमैल_काका
शेंदूर फासून दगडाचा देव होतो, गिअर सेट होत नाही. ठसा सगळेच बघतात. बघून कोणता शिम (पातळ चकती) कुठे, हे कळावं लागतं. इथे अर्ध्या लोकांना व्हिडिओ बघून वाटतं आपण मेकॅनिक झालो.

सांगलीकर_टेक्सास
काका, वयाचा मान ठेवतो, पण वडिलांवर जायचं नाही. आणि शिमचं मलाच विचारा. ठसा मुळाशी म्हणजे पिनियन जास्त आत. ८.८मध्ये शिम आतल्या बेअरिंगमागे असतो, तो पातळ करायचा. तुमच्या लाडक्या नऊ इंचीत नेमकं उलटं, पिनियन सपोर्टखालचा शिम जाड करायचा. एकाची सवय दुसऱ्यावर चालवली की गाडी गायला लागते.

क्वार्टरमैल_काका
वडिलांवर गेलो नाही, शेंदरावर गेलो. शिमचं बरोबर आहे. लिहून ठेवा, रोज रोज म्हणणार नाही.

निळी_शेव्हेल
शिम पुढचं. आधी क्रश स्लीव्हचं (पिनियनच्या बेअरिंगांमधली, आवळली की चेपणारी नळी) बोला! प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) बघत नट आवळत जायचा. एवढासा जास्त गेला की नट सैल करून उपयोग नाही, स्लीव्ह फेकून नवी घालायची. गाडीखाली पाठीवर झोपून, डोळ्यांत गंज पडत असताना, मान आखडलेली. आणि ८.८ला बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ८ ते १२ थाऊमध्ये (हजारांश इंच) आणायचा तर बाजूचे शिम दर वेळी काढा, मोजा, ठोकून घाला. नऊ इंचीत बाजूला चुडीचे अ‍ॅडजस्टर आहेत, फिरवलं की झालं. शिवाय अख्खा तिसरा मेंबर (गिअरसकट मधला गोळा) बेंचवर, डोळ्यांसमोर. बोलायला जिवावर येतंय, पण इथे काका जिंकले.

क्वार्टरमैल_काका
स्क्रीनशॉट घेतला आहे. आता ऐका. दहा नट, दोन शाफ्ट बाहेर ओढायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, मेंबर हातात. माझ्याकडे दोन आहेत, ड्रॅग रेसच्या स्ट्रिपसाठी ४.११ आणि रस्त्यासाठी ३.२५.

वुडवर्डवासी
थांबा, थांबा. रस्त्यासाठी *किती*?

क्वार्टरमैल_काका
३.२५. मग? रेसला जायचं नसतं तेव्हा मी काय कान फोडून घेऊ?

वुडवर्डवासी
मग त्या पोराला "४.११ टाक, विषय संपला" कशाला सांगितलंत? त्याने तर डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर फिरायचं एवढंच लिहिलं होतं. ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या मेळ्याला तिथे गाड्या सरकत पण नाहीत, रेशो कुठला कळतो!

क्वार्टरमैल_काका
त्याने टायर सांगितले नाहीत, कॅम सांगितला नाही. अर्धवट प्रश्नाला अर्धवट उत्तर.

सांगलीकर_टेक्सास
वा! म्हणजे वुडवर्डवासी पहिल्यापासून तेच म्हणत होते.

क्वार्टरमैल_काका
मी नाही म्हटलं नव्हतं. फक्त ते लांबलचक म्हणत होते.

आठ_इंचीवाला
तो पोरगा मीच. वय ४६, पण चालेल. टायर २६ इंची, कॅम कंपनीचाच. स्ट्रिपवर जायचं नाही. हे सगळं वाचून ठरवलं: टॉपलोडर जपून ठेवतो, टी-फाइव्ह घालतो, मागे एक्स्प्लोररचा ८.८. ३.५५वाला सापडलाय, त्याचे गिअर उघडायचेच नाहीत. पहिल्याचा गुणाकार बाराच्या आत, ६५ला दोन हजारांच्या आसपास. बरोबर ना?

वुडवर्डवासी
एकदम. ट्यूब मधल्या कास्टिंगला वेल्ड करून घ्या, तेवढं काकांचं ऐका. क्लचवाली लिमिटेड स्लिप असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर विसरू नका, नाहीतर वळणावर कडकड करेल.

आठ_इंचीवाला
स्प्रिंगचे पर्च (लीफ स्प्रिंगवर टेकणाऱ्या अ‍ॅक्सलच्या बैठका) कोणत्या कोनात वेल्ड करू?

निळी_शेव्हेल
आधी नुसते टाके मारा. गाडी चाकांवर, पूर्ण वजनानिशी उभी करा आणि मग मोजा. गिअरबॉक्सच्या आउटपुटला समांतर धरून पिनियनचं तोंड एक-दोन अंश खाली. जोर लागला की लीफ स्प्रिंग पिळतात आणि ते वर उचललं जातं. पक्कं वेल्डिंग त्यानंतर.

क्वार्टरमैल_काका
बरोबर. आणि ३.५५चा कंटाळा आला की ४.१०साठी इथेच येशील. तेव्हा गाडीखाली झोप, आम्ही टॉर्च धरू.