शाळेतली नर्सची जागा जाणार असं दिसतंय, दुसरी वाट कोणती धरावी?

पुढच्या वर्षी दोन शाळांना मिळून एकच नर्स, अशी कुजबुज आहे. खर्चाला कात्री लावायची म्हटली की आधी आमच्याच खोलीकडे बोट जातं. लोकांना फक्त मलमपट्टी दिसते. टाइप १ मधुमेहाच्या मुलाची साखर जेवणाआधी तपासून इन्सुलिनचा डोस कोण बघतं, दम लागलेल्या मुलीला स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून पंपाला जोडायची नळी) लावून पंप कोण देतं, हे कोण विचारतंय! वॉर्ड सोडून बरीच वर्षं झाली. सलाइनसाठी शीर आता पटकन सापडेल का, शंकाच आहे. आणि रात्रपाळी तर नकोच.

उत्तर १: आधी नोंदणीचं नूतनीकरण बघा, ते लटकलं तर सगळंच अडेल. मग कारखान्यातलं आरोग्य केंद्र किंवा फोनवरून रुग्णांना सल्ला देणारी सेवा. तिथे शिरा शोधाव्या लागत नाहीत.

उत्तर २: आईवडिलांना इन्सुलिन टोचायला शिकवलंय ना? मग डायबिटीस एज्युकेटर व्हा. वेगळा कोर्स करावा लागेल, पण निम्मं काम तुम्ही आत्ताही करताय.

उत्तर ३: एवढी घाई कशाला? १९०२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लीना रॉजर्स शाळांमध्ये नर्स म्हणून गेल्या आणि आजारपणामुळे वर्ग बुडवणारी मुलं झपाट्याने कमी झाली, म्हणून तर ही पदं वाढली. तुमच्या खोलीतून किती मुलं घरी न जाता वर्गात परतली, ती नोंदवही बैठकीत ठेवा.

नोंदवही आहे, ठेवतेच. कोर्सची चौकशीही सोबत सुरू करते. उत्तर २, हा कोर्स नोकरी सांभाळून जमतो का?