मदत हवी आहे: सपाट बॉडीच्या ट्रकवर फिफ्थ व्हील

नमस्कार मंडळी. दोन ॲक्सलच्या सपाट बॉडीच्या ट्रकला फिफ्थ व्हील (ट्रेलर अडकवायची प्लेट) बसवून सेमी-ट्रेलर जोडायचाय, काम नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. किंगपिन (ट्रेलरखालची, प्लेटमध्ये अडकणारी पिन) २ इंची आहे, म्हणजे प्लेटही त्याच मापाची.

अडलंय ते जागेवर. किंगपिन मागच्या ॲक्सलच्या थोडी पुढे हवी, नाहीतर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग पकड सोडतं. पण जास्त पुढे घेतली की वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला लागतो. तुम्ही किती मिमी पुढे ठेवता?

फॅब्रिकेटर सबफ्रेम (प्लेटखालची आधाराची चौकट) चॅसिसला वेल्ड करू म्हणतोय. मला पटत नाही. चॅसिसच्या फ्लँजवर (आडव्या कडेवर) वेल्डिंग केलं की तिथूनच तडा जातो. चॅसिसच्या उभ्या बाजूला, म्हणजे वेबला, जोडप्लेट लावून १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट हवेत. कोणत्या जाडीची जोडप्लेट पुरते?

ट्रकवरून ट्रेलरला हवा पुरवणारी लाल लाइन तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत आणि ट्रकची हवाही टिकावी. कसारा घाट उतरायचाय, गंमत नाही! त्यासाठी ट्रेलर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह नाशकात कुठे मिळेल?

आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीवर बदलाची नोंद कुणी करून घेतलीय का? आरटीओ कोणते कागद मागतं?